आमच्या गाडीतला इन्व्हर्टर का वरडत होता

गेल्या महिन्यात आईला घेऊन सौंदत्तीला यल्लम्माला गेलो होतो, आपल्याच गाडीनं. जुनी ट्रॅव्हलर घेऊन मागं बेड, छोटा ओटा, 12 व्होल्टचा फ्रिज, इन्व्हर्टर असं सगळं बसवून घेतलंय त्याला आता दोन वर्षं झाली. डोंगराच्या पायथ्याला गाडी लावली, आईनं शेंगदाण्याची चटणी करायला घेतली आणि मिक्सर दोनदा घुर्र करून बंद, इन्व्हर्टर टीं टीं टीं. "का वरडालाय रे तुझा डबा?" आई म्हणाली आणि शेवटी चटणी पाट्याशिवाय, वाटीच्या बुडानं कुटली.

गंमत म्हणजे लाईट मस्त, फ्रिज गार, पंखा चालू आणि मीटरवर बॅटरी 12.6 दाखवत होती. लेड अ‍ॅसिडला 12.6-12.7 म्हणजे जवळपास फुल, 12.2 च्या आसपास अर्धी. मग मिक्सर का नाही चालत?

बेळगावला परत येऊन एका बॅटरीच्या दुकानात दाखवलं. त्यानं झाकण उघडलं, वर वर बघितलं आणि म्हणाला बॅटरी उतरली, बदला की वो सर. पंधरा-सोळा हजारांचा आकडा ऐकून मी उद्या येतो म्हटलं आणि सुटलो. खरं सांगायचं तर मीपण जवळजवळ तयारच होतो, कारण आपल्याकडं गाडीत काहीही बिघडलं की बॅटरीच गेली म्हणायची सवय.

तिथनं सरळ उद्यमबागला आमच्या ओळखीच्या वायरमन मामांकडं. मामांनी एकच विचारलं, व्होल्टेज कधी बघितलास, मिक्सर चालू असताना की बंद असताना? बंद असताना. मग काय उपयोग, म्हणाले, झोपलेल्या बैलाला बघून नांगर ओढंल का नाही कसं कळणार.

मिक्सर लावला, एक नंबरवर. बॅटरीच्या थेट टर्मिनलवर मीटर धरला तर 12.4. "छलो ऐती रीऽ बॅटरी," मामा कानडीत म्हणाले, म्हणजे बॅटरी चांगली आहे. मग तेच इन्व्हर्टरच्या टर्मिनलवर धरला, 10.3! दोन व्होल्ट कुठं गेले? आमचा इन्व्हर्टर 10.5 च्या खाली गेला की वरडतो आणि 10 ला बंद होतो, म्हणजे बिचारा बरोबरच वरडत होता.

मग पुढची युक्ती मला फार आवडली. मीटरची एक सुई बॅटरीच्या प्लसवर, दुसरी इन्व्हर्टरच्या प्लसवर, मिक्सर चालूच. म्हणजे वायरच्या दोन टोकांत किती पडतंय ते थेट दिसतं. 0.3 निघालं. तसंच मायनस ते मायनस केलं, 1.8! चोर सापडला, नुसता कुठल्या गल्लीत राहतो ते बघायचं राहिलं. बॅटरीच्या मायनसपासून बॉडीच्या पत्र्यापर्यंत 1.7, म्हणजे मागच्या चाकाजवळ जो बॉडी अर्थचा बोल्ट आहे (बॅटरीच्या मायनसची वायर गाडीच्या पत्र्याला जोडलेली असते तो) तिथंच. मामा म्हणाले हात लाव की. लावला आणि झटकन काढला, चांगलाच तापला होता. मिक्सरचे 40 अँपिअर गुणिले 1.7 म्हणजे 68 वॅट, एक जुना पिवळा बल्ब त्या बोल्टात पेटल्यासारखंच. फ्रिजला लागतात जेमतेम 4 अँपिअर, त्यामुळं तिथं पडणारं व्होल्टेज दहाव्या हिश्श्याएवढं, म्हणून फ्रिजला काही कळलंच नाही.

बॅटरीचं मायनस सुटं केलं (हे आधी करायचं, नाहीतर पाना बॉडीला लागून ठिणगी) आणि बोल्ट खोलला. ज्यानं गाडी बनवली त्यानं लग (वायरच्या टोकाचं धातूचं कडं) चक्क रंगावरच आवळला होता, पत्रा घासलाच नव्हता. वरून पावसाळ्यात आम्ही आंबोलीला चार दिवस राहिलो होतो, तिथला चिखल चाकानं उडून उडून आत गेलेला, लगच्या तोंडाशी हिरवट पावडर. वायरचं टोक कापलं तर आतली तारपण काळी पडलेली. बोटभर मागनं कापून नवीन लग दाबून (क्रिंप करून) बसवला, पत्रा पॉलिश पेपरनं चकचकीत होईपर्यंत घासला, दातेरी वॉशर घालून आवळला आणि वरून ग्रीस. मामांनी घेतले दोनशे, चहा मीच पाजला.

परत मिक्सर लावला तर मायनसकडं 0.15 आणि इन्व्हर्टरवर 11.95.

एक सांगतो, हे बॉडी अर्थ वेगळं आणि बाहेरून 230 चं कनेक्शन घेताना लागतं ते अर्थिंग वेगळं. कुणाच्या मळ्यात, धाब्यावर पिन लावायच्या आधी मी आता फेज ते अर्थ मोजतो, 230 च्या आसपास आलं तरच लावतो. एकदा गोकाककडं एका ठिकाणी गाडीच्या दाराला हात लावला तर झिणझिण्या आल्या होत्या, तेव्हापासून 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबीपण (करंट गळला की लगेच लाईन तोडणारा स्विच) बसवलाय.

प्लसकडचे 0.3 अजून तसेच आहेत. मामांचा संशय फ्यूजच्या होल्डरवर आहे, रविवारी खोलून बघतो.