जाळी, पुली आणि आम्ही : आमची वाटचाल

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात १९९७ साली मी एक जुना लेथ विकत घेऊन गाळा भाड्याने घेतला, तेव्हा शेजारच्या गाळ्यात चाचा रेडिएटरच्या, म्हणजे इंजिनाचे गरम पाणी थंड करणाऱ्या, जाळ्या झाळत बसलेले असत. ऑइल इंजिनांच्या काळापासून त्यांच्या घरात हेच काम होते. मला टर्निंग येत होते, त्यांना तांबे-पितळ कळत होते, आणि गिऱ्हाइके दोघांची एकच असल्यामुळे मधली भिंत पाडायला आम्हाला वर्षही लागले नाही. भागीदारीचा कागद मात्र आम्ही कधीच केला नाही.

चाचांच्या हत्यारांविषयी लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. टाकी सोडवण्यासाठी ब्लो लॅम्प, डाग देण्यासाठी तांब्याचा ठोकळा, नवसागराचा खडा, जस्ताचे तुकडे टाकून मारलेले ॲसिड आणि नळ्यांतला क्षार खरवडण्यासाठी त्यांनी स्वतः घासून तयार केलेल्या पोलादी पट्ट्यांचा जुडगा, एवढ्यावर त्यांचा संसार चालत असे. कथील-शिशाचा डाग ओढताना ज्योत किती लांब धरायची हे ते धातूच्या रंगावरून ठरवत. काम झाले की तोंडे बंद करून जाळी हौदात बुडवायची, हवा भरायची आणि बुडबुड्याची वाट पाहायची. रेडिएटरचे झाकण ०.९ बार दाबाचे असले तरी आम्ही जाळी १.५ बारवर दहा मिनिटे तपासतो, आणि ही दहा मिनिटे गिऱ्हाईक कितीही घाईत असले तरी आजवर कमी केलेली नाहीत.

पुढे प्लॅस्टिकच्या टाक्या आणि ॲल्युमिनियमच्या जाळ्या आल्या. पत्र्याचे दात दुमडून, मध्ये रबरी रिंग घालून बसवलेल्या त्या टाकीला डाग देता येत नाही; ती फुटली की लोक नवीन रेडिएटर घेतात. आम्ही कर्ज काढून ॲल्युमिनियम जोडायला टिग वेल्डिंगचा सेट आणि आर्गॉनचे सिलिंडर घेतले. उभा जन्म रंग पाहून काम केलेल्या चाचांना ॲल्युमिनियम वितळण्यापूर्वी रंगच बदलत नाही, याचा इतका राग आला की पहिल्या आठवड्यात त्यांनी चार जाळ्यांना भोके पाडली. पाचव्या आठवड्यात त्यांनी ओढलेला सांधा आजही एका ट्रॅक्टरवर आहे.

आमचे डॉक्टर याच सुमारास आले. त्यांचा दवाखाना कोल्हापुरात, घर वैभववाडी तालुक्यात आणि गाडी मारुतीची १२९८ सीसीची जिप्सी. मे महिन्यात आंब्याच्या पेट्या भरून करूळचा घाट चढताना तापमानाचा काटा लाल रेषेला टेकतो, अशी त्यांची तक्रार होती. एका मिस्त्रीने त्यांचा थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत जाळीकडे जाणारे पाणी अडवणारी झडप, काढून फेकला होता. हे आपल्याकडे सर्रास होते, म्हणून सांगून ठेवतो : थर्मोस्टॅट काढल्याने जाळीची ताकद वाढत नाही, फक्त थंडीच्या सकाळी इंजिन लवकर तापत नाही आणि पेट्रोल जास्त जाते. आम्ही तो परत बसवला, मूळच्यापेक्षा जाड, वेल्डेड टाक्यांची संपूर्ण ॲल्युमिनियमची जाळी करून दिली, पंख्याभोवतीचे श्राउड, म्हणजे हवा जाळीतूनच ओढली जावी म्हणून असलेले पत्र्याचे कडे, नव्याने वळवले आणि बोअरच्या पाण्याऐवजी निम्मे कूलंट व निम्मे डिस्टिल्ड पाणी भरले. जाळी जाड करताना आम्ही नळ्यांमधल्या पातळ पत्र्याच्या फिन दाट केल्या नाहीत, कारण आमच्या भागात गळीत हंगामात पाचटाचा भुगा दाट जाळीत असा बसतो की हवाच थांबते. डॉक्टरांनी घाटाच्या प्रत्येक फेरीत काटा कुठे राहिला ते वहीत लिहून आणले. त्या वहीवरून आमच्याकडे आणखी जिप्सीवाले आले.

२००७ च्या अखेरीस रॅलीचा नाद असलेल्या काही तरुणांनी हलकी पुली मागितली. ६०६१-टी६ ॲल्युमिनियमच्या गोल बारमधून मी क्रँकची, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्यावरची, पुली कातली आणि वजनाबरोबर व्यासही कमी केला. १२५ मिलिमीटरऐवजी १०५. त्यामुळे पट्ट्यावरचे सगळे, म्हणजे अल्टरनेटर, पाण्याचा पंप आणि जिप्सीत पंपावरच बसलेला पंखा, १६ टक्के सावकाश फिरू लागले. अशा पंपाला लागणारी ताकद गतीच्या घनाच्या प्रमाणात कमी होते, म्हणजे १६ टक्के गती घटवली की सुमारे ४० टक्के ताकद वाचते. गाडी खरोखरच हलकी वाटत होती, मुले खूश होती, मी त्यांच्याहून खूश होतो. वाचलेली ताकद पाणी फिरवायला आणि हवा ओढायलाच लागत होती, हे मी सोयीने विसरलो.

चाचा एवढेच म्हणाले, "बाळ, जाळी मोठी केली ती पाण्यासाठी, आणि आता पाणीच कमी करतोस?" मी ऐकले नाही. जाळी आणि पुली मिळून नऊ किट आम्ही बसवली, त्यांतले एक डॉक्टरांच्या गाडीला.

मे २००८ मध्ये करूळच्या वरच्या वळणांवर चिऱ्याच्या ट्रकमागे गाडी पंचवीस मिनिटे अडकली आणि उकळली. इंजिनाचे हेड वाकले, त्याखालचे गॅस्केट गेले. डॉक्टर टोचणावरून आमच्या दारात आले, आवाज चढवला नाही, वही पुढे केली. तिच्यात लिहिले होते : धावताना काटा खाली, थांबल्यावर वर. नव्या पुलीनंतरच्या सहाही फेऱ्यांत तसेच. निदान त्यांनीच केले होते. पुढच्या महिनाभरात आणखी दोन हेड वाकली. आम्ही तिन्ही हेड फेस करून, म्हणजे कातून सपाट करून दिली, नऊ जणांचे पैसे परत केले, मूळ पुल्या बसवून दिल्या आणि त्यासाठी माझा दुसरा लेथ विकला. सव्वादोन लाखांचा खड्डा होता. पावसाळाभर गाळ्यात आम्ही दोघे आणि रिकामा हौद.

याच काळात चार वर्षे माझ्याकडे शिकलेला एक टर्नर ते १०५ मिलिमीटरचे ड्रॉइंग घेऊन बाहेर पडला. त्याने तीच पुली लाल ॲनोडायझिंग करून, म्हणजे ॲल्युमिनियमवर रंगीत कडक थर चढवून, विकायला काढली आणि आमच्या रेडिएटरला गळती आहे, म्हणून गाड्या उकळल्या, असे सांगत फिरला. चूक पुलीची होती हे त्याला सगळ्यांत आधी मीच सांगितले होते. नऊपैकी एकाही जाळीचा सांधा सुटलेला नव्हता. नवव्या जाळीला हौदात घालून, चार जिप्सीवाल्यांना उभे करून मी दहा मिनिटे दाखवली. तरी एका मोठ्या गॅरेजने ठरलेली चाळीस जाळ्यांची ऑर्डर फिरवली. आज तो गृहस्थ मोठा आहे. असू दे. पण चाचांच्या सांध्याला गळका म्हटलेले मी विसरलेलो नाही.

त्यानंतर आम्ही व्यासाला हात लावला नाही. १२५ चे १२५ ठेवून फक्त वजन काढतो, पट्ट्याची खाच धुळीने झिजू नये म्हणून हार्ड ॲनोडायझिंग करतो आणि गाडीवर बसवल्यानंतर डायल गेज लावून ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त डगमग असेल तर पुली उतरवतो. डिझेल गाडीची रबरी रिंग असलेली डॅम्पर पुली काढून हलकी बसवा, असे कोणी म्हटले तर त्याला चहा पाजून परत पाठवतो. ते रबर क्रँकच्या पिळाची थरथर शोषण्यासाठी असते. ते काढल्यावर ती थरथर कुठे जाणार, हे बसवणाऱ्याने आधी सांगावे. झाकणाबद्दलही तेच. जास्त बारचे झाकण लावून उकळणे लांबवता येते, पण मग जुन्या होजची आणि हीटरच्या नळ्यांची जबाबदारी घ्यावी लागते.

२०१० नंतर कर्ज फिटले, दुसरा लेथ आला, काम सुरळीत चालले. त्यात लिहिण्यासारखे काही नाही. चाचा २०१६ मध्ये गेले. त्यांच्या पट्ट्यांचा जुडगा त्यांच्या मुलाने मला दिला आणि तांब्याच्या जाळीचे एखादे काम आले की मी तोच वापरतो.

डॉक्टर दर फेब्रुवारीत येतात. यंदा झाकणाची रबरी रिंग बदलली, जाळी इंजिनाच्या बाजूने पाण्याने धुतली, आणि बिल नको म्हटले तर त्यांनी नेहमीप्रमाणे भांडून करून घेतले. त्यांच्या गाडीतून उतरवलेली १०५ ची पुली काउंटरमागे खिळ्याला टांगलेली आहे. तिच्या शेजारी एका मुलाने आमच्याकडे काढून ठेवलेली लाल पुली आहे. नवीन गिऱ्हाईक लाल पुलीची किंमत विचारते, तेव्हा मी दोन्ही खाली काढतो आणि व्यास मोजायला व्हर्निअर त्याच्या हातात देतो.