जॉर्जटाऊनचा एक रस्ता
पाठीवर सॅक टाकून आज दिवसभर मलेशियातल्या पेनांगच्या जॉर्जटाऊनमध्ये भटकले. कॅपिटन केलिंग मशिदीच्या रस्त्याने निघालं की १८१८चं सेंट जॉर्ज चर्च, क्वान यिन या चिनी देवीचं देऊळ, १८३३चं महामारिअम्मन मंदिर आणि मग मशीद, सगळं चालत. क्वान यिनच्या अंगणात मनगटाहून जाड उदबत्त्या जळत होत्या, डोळे नुसते चुरचुरत होते, तरी पाय निघेना.

जेवायला नासी कांदार. तमिळ मुसलमान विक्रेते पूर्वी हे कावडीतून विकत फिरायचे. भातावर मटणाचा, माशाचा, कोंबडीचा रस्सा एकावर एक ओततात आणि खरी चव त्या मिसळण्यातच आहे! रात्री कोळशावर परतलेलं ‘चार क्वे तियाव’, म्हणजे तांदळाच्या चपट्या नूडल्स, भरपूर कोळंबी घातलेलं. (यात बरेचदा डुकराची चरबी असते, चालत नसेल तर आधी विचारा.) इकडे याल तेव्हा नासी कांदारवाल्याला सगळे रस्से एकत्रच घालायला सांगा.