बाबांची बुलेट बॉबर केली, मागची सीट ठेवून

२०२४ मध्ये बाबांच्या बुलेटचं पासिंग संपत होतं आणि घरात विषय निघाला, ठेवायची की विकायची. १९९४ ची स्टँडर्ड ३५० आहे, जुनं कास्ट आयर्न इंजिन, गिअर उजव्या पायाला, एक वर तीन खाली. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून किक बंद, त्यामुळे परळला आमच्या बिल्डिंगच्या मागे ताडपत्रीखाली चार वर्षं तशीच उभी होती. आई म्हणाली, "विकायची नाही हं. तुझ्या वेळेला सातव्या महिन्यापर्यंत मी तिच्यावरून ऑफिसला गेलेय." विषय संपला. ताडदेवच्या आरटीओत नेऊन पासिंग करून आणलं, पाच वर्षं मिळाली, आणि त्याच दिवशी परत येताना माझ्या डोक्यात बॉबर घुसली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बॉबर म्हणजे गाडीवरचं जे जे नसलं तरी चालतं ते उतरवायचं. अमेरिकेत १९३० च्या दशकात पोरं रेसिंगच्या गाड्या बघून आपल्या गाड्यांची मागची मडगार्डं कापायला लागली, पुढचं तर काढूनच टाकायला लागली, घोड्याचं शेपूट आखूड करतात त्याला तिकडे बॉब करणं म्हणतात त्यावरून त्या गाड्यांना बॉब-जॉब नाव पडलं, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्यातनं घरी आलेल्या लोकांनी हार्ले आणि इंडियनवर हे इतकं केलं की ती एक स्टाइलच झाली. चॉपर वेगळी, तिच्यात फ्रेम कापतात, पुढचं चाक धरणारा फोर्क लांब करून पुढे झुकवतात. बॉबरमध्ये फ्रेमला सहसा हात लावत नाहीत, आणि मला हेच आवडलं होतं, की खाली गाडी बाबांचीच राहते.

पण बॉबरचा कुठलाही फोटो काढून बघा, सीट एकच. मागे नुसतं टायर आणि त्यावर तुकडाभर मडगार्ड. आणि आमच्या घरात त्या बुलेटवर एकटं असं कोणी फारसं गेलंच नाही. पहाटे दादरच्या फुलबाजारात जायचं तर बाबा पुढे आई मागे, गणपतीत गिरगावला काकांकडे तसंच. आता तर उलट झालंय, बाबांनाच कोणीतरी मागे बसवून न्यावं लागतं, दर मंगळवारी फिजिओला. आणि मूळची लांब सीट मागच्या बाजूला उंच आहे, त्यावरून पाय टाकणं त्यांना जमत नाही. मी एकदा मापं घेत बसलो तेव्हा लक्षात आलं की बॉबरसारखी सीट खाली आणली तर बाबा आरामात बसतील. म्हणजे लोक जी स्टाइल एकट्याने फिरायला करतात तीच आपल्याला दोघांसाठी करायचीय, असं ठरलं.

जुन्या बुलेटला तशीही पुढे स्प्रिंगवाली सिंगल सॅडल आणि मागे वेगळी छोटी सीट असायची, पोलिसांच्या आणि मिलिटरीच्या जुन्या गाड्या आठवून बघा. त्यामुळे बॉबरवर दुसरी सीट लावली की ती बॉबर राहत नाही असं जे काही जण छातीठोकपणे सांगतात ते मला पटत नाही.

पहिला प्रयत्न मात्र फसला. एका गॅरेजवाल्याने आखूड मडगार्ड बसवून त्याच्या पत्र्यालाच भोकं पाडून मागची गादी चार नटांवर लावून दिली. दिसायला छान. तीन आठवड्यांत सायनच्या एका स्पीडब्रेकरवरून गेलो, मागे मित्र होता, आणि कट्कन आवाज आला. घरी येऊन बघतो तर दोन भोकांमधून पत्र्याला तडा गेलेला. कारण सरळ आहे, बुलेटच्या फ्रेमचा पक्का आधार शॉकअपच्या वरच्या बोल्टपर्यंतच आहे, त्याच्या मागचं सगळं मडगार्डच्या दांड्यांवर टांगलेलं असतं, आणि सिंगल सिलिंडरची ती थरथर दिवसभर त्या पत्र्याला खात असते. पत्रा चिखल अडवायला असतो, त्याच्यावर ७० किलोचा माणूस बसवायचा नसतो. त्या दिवशी मित्राऐवजी बाबा असते तर, हा विचार करून मला रात्रभर झोप लागली नाही.

मग कुर्ल्याला गेलो, सीएसटी रोडच्या मागच्या गल्लीत एक उस्ताद आहेत, वेल्डिंग आणि फॅब्रिकेशन. त्यांनी गाडीभोवती दोन चकरा मारल्या आणि पहिला प्रश्न विचारला, "पीछे कौन बैठेगा?" मी म्हटलं बाबा, आणि कधी कधी आई. "माताजी साडी में?" हो म्हटलं. "फिर पहले वो नापेंगे, गाडी बाद में." आणि खरंच त्यांनी मला पुढच्या रविवारी बाबांना घेऊन यायला सांगितलं. टॅक्सीने नेलं. बाबांना स्टुलावर बसवून गुडघा किती वाकतो ते टेपने मोजलं, ती मापं खडूने भिंतीवर लिहिली, आणि त्यावरून सीटची उंची आणि फुटरेस्टची जागा काढली. इतकं मन लावून काम करणारा माणूस मी आयुष्यात फार कमी वेळा बघितलाय.

त्यांनी केलं काय, तर जाड पाइपचा एक घोड्याच्या नालेसारखा कंस बनवला, तो दोन्ही बाजूंना शॉकअपच्या वरच्या बोल्टला आणि पुढे सीटच्या बोल्टला धरतो. मागची गादी त्या कंसावर आहे, मडगार्ड तिच्या खाली मोकळं. कंसाचाच मागचा भाग थोडा वर उचललाय, तीच धरायची दांडी. सगळं नटबोल्टवर, फ्रेमवर वेल्डिंगचा एकही टाका नाही.

मडगार्ड टायरच्या किती जवळ आणायचं यावर आमचा खूप वेळ गेला. बॉबरमध्ये ते टायरला चिकटून छान दिसतं, पण ते मागे शॉकअपच नसलेल्या गाड्यांवर, चाक वर-खाली होतच नाही तिथे. आपल्याकडे शॉकअप आहेत आणि मुंबईत ते काढायचा विचारही करू नका, पेव्हर ब्लॉक आणि पावसाळ्यातले खड्डे यांच्यावर मागे बसलेल्याचा कणा मोडेल. मग दोन माणसं बसली की चाक किती वर येतं ते कळणार कसं? मी लालबागच्या एका मूर्तिकाराकडून मूठभर शाडूची माती आणली, मडगार्डच्या आतून तिचा गोळा चिकटवला, आणि मी आणि उस्तादांचा पोरगा गाडीवर बसून जोरजोरात उड्या मारल्या. गोळा दबून चपटा झाला, त्याची उरलेली जाडी मोजली तर एका जागी ८ मिलिमीटर. अजून अर्धा इंच वर घेतलं. ही युक्ती कोणीही करा, पैसे लागत नाहीत.

आता साडीगार्ड. ते काढलं की गाडी लगेच हलकी दिसते हे खरंय आणि सगळे पहिलं तेच काढतात. पण आई एका बाजूला पाय सोडून बसते, म्हणजे डाव्या बाजूला, आणि बुलेटची चेन, मागचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक), ब्रेकचा ड्रम सगळं डावीकडेच आहे. पदर किंवा ओढणी चाकात गेली की माणूस खाली खेचला जातो, गळ्याशी येतं ते. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांमध्ये १२३ नंबरचा नियम आहे, त्यात स्पष्ट म्हटलंय की मागे बसणाऱ्यासाठी कायमची हँडग्रिप हवी, फुटरेस्ट हवा, आणि कपडे अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाचा निदान निम्मा भाग झाकणारं काहीतरी हवं. मी हे वाचलं तेव्हा वाटलं ज्याने लिहिलं त्याच्या घरात साडी नेसून मागे बसणारं कोणीतरी नक्की असणार. तर आम्ही जाळीचं जुनं गार्ड काढून पातळ सळ्यांचं नवीन केलं, काळं रंगवलं, निम्म्याहून जास्त चाक झाकतं. चेनचं कव्हर पूर्ण तसंच ठेवलं.

कायद्याचं बोलतोय तर हेही सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवर जे लिहिलंय त्यापेक्षा गाडी वेगळी करता येत नाही, सुप्रीम कोर्टानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच सांगितलं, आणि नंतरच्या दुरुस्तीत मालकाला दर बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. म्हणून इंजिन, फ्रेम, टाकी, काळा रंग, सगळं जिथल्या तिथे. टाकीवरच्या सोनेरी रेघा हाताने मारलेल्या आहेत, त्यांना तर मी पॉलिशही घाबरत घाबरत करतो. कापलं ते मडगार्ड कुर्ल्यात घेतलेलं दुसरं, मूळचं मडगार्ड आणि लांब सीट गोणपाटात बांधून माळ्यावर आहे. २०२९ ला परत पासिंग आहे.

काढलं काय मग? लेगगार्ड, मागचं कॅरिअर, बाजूचे डबे सोडून बाकीचा सगळा क्रोम, दोन जास्तीचे हॉर्न, उंच हँडल बदलून सरळ. पुढचं मडगार्ड आखूड केलं पण ठेवलं. एअर फिल्टर बाजूच्या डब्यातच ठेवला, लोक तो काढून कार्बोरेटरला कोनासारखा उघडा फिल्टर लावतात, त्यांनी जुलैत पाणी तुंबलेल्या हिंदमाताला येऊन दाखवावं. सायलेन्सरही मूळचाच, सकाळी साडेपाचला चाळीतल्या लोकांना उठवायचा मला काही अधिकार नाही. उतरवलेलं सगळं भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवून बघितलं, १७ किलो भरलं. विकलं नाही, फक्त वजन केलं.

गेल्या रविवारी पहाटे बाबांना पहिल्यांदा मागे बसवलं. त्यांनी आधी किक कशी मारायची ते परत एकदा दाखवलं, अँपिअरचा काटा मधे आणायचा, डीकॉम्प्रेसर (इंजिनातला दाब सोडायचा छोटा लिव्हर) दाबून पिस्टन जरा पुढे सरकवायचा, मग एकच लांब किक. दुसऱ्या किकला सुरू झाली. लालबागच्या पुलाखालून करी रोड, लोअर परळ करत वरळी सीफेसला गेलो. सीलिंक आणि कोस्टल रोडवर आपल्याला एंट्री नाही, त्यामुळे खालूनच, सावकाश, चाळीसच्या आत. बाबा मागे काही बोलत नव्हते, फक्त मी तिसरा गिअर उशिरा टाकला की खांद्यावर एक टिचकी मारायचे. सीफेसला उतरून त्यांनी दांडी दोन्ही हातांनी हलवून बघितली, खाली वाकून कंसाचे बोल्ट बघितले, मग म्हणाले, "टपेट जरा वाजतायत. आणि उजवा फुटरेस्ट इंचभर पुढे घे, गुडघा तिथे सुटतो."

टपेट, म्हणजे इंजिनच्या व्हॉल्व्हमधलं अंतर, मी काल गाडी थंड असताना सेट केले. फुटरेस्टसाठी शनिवारी कुर्ल्याला जातोय, बाबाही येणार म्हणतायत, या वेळी टॅक्सी नको म्हणाले.