दारातला फळा

अमळनेरच्या आमच्या प्राथमिक शाळेकडून सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लेख मागणारा निरोप आला, तेव्हा मी मुख्याध्यापकांना एकच विनंती केली. १९८७ ते १९९७ या दहा वर्षांचे जनरल रजिस्टर मला एक दिवस शाळेत बसून पाहू द्यावे. त्या दशकातली पहिली चार वर्षे मी स्वतः या शाळेत होते, शेवटची चार वर्षे माझी धाकटी बहीण होती, आणि आमचे घर शाळेच्या भिंतीला भिंत लागून असल्यामुळे मधल्या काळातही इथली घंटा, पाढे आणि प्रार्थना यांच्यावरच आमच्या घरातला दिवस चालत असे.

रजिस्टर उघडले आणि जून १९८७ च्या पानावर माझे नाव सापडले. जन्मतारीख १ जून १९८१. माझ्या वरच्या मुलाची १ जून, खालच्या दोघींचीही १ जून. आई सांगते की मी कानबाईच्या दिवसांत, म्हणजे भर श्रावणात जन्मले; पण घरात जन्माचा दाखला नव्हता, आणि जूनमध्ये मूल सहा वर्षांचे पूर्ण दिसावे म्हणून गुरुजींनी त्या वेळच्या रिवाजाप्रमाणे ही तारीख घातली. आमच्या गल्लीतल्या बहुतेक आईवडिलांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांच्या वतीने कागदाशी बोलणारी पहिली माणसे म्हणजे हे गुरुजी, हे मला ती पाने पाहताना नव्याने उमगले.

तेव्हा शाळा भाड्याच्या जुन्या घरात भरत असे. धाब्याचे, म्हणजे मातीच्या सपाट छताचे घर, दोन खोल्या आणि एक ओसरी. पहिली-दुसरी एका खोलीत, तिसरी-चौथी दुसऱ्या खोलीत. पाऊस सुरू होण्याआधी धाब्यावर खारी माती टाकावी लागते, हे खान्देशात कोणाला सांगायला नको. ती टाकली नाही की पहिल्या झडीतच छत गळू लागते. घरमालक त्याकडे लक्ष देत नसे आणि कार्यालयाकडून मंजुरी यायला श्रावण उजाडे, म्हणून मेअखेरीस गल्लीतली माणसेच बैलगाडीने खारी आणून धाब्यावर पसरत. माझे वडील दिवसभराची हमाली आटोपून रात्री कंदिलाच्या उजेडात वर चढलेले मी पाहिले आहेत. स्वतःच्या घराचे धाबे त्यांनी त्यानंतर केले.

त्याच सुमारास बाई आमच्या शाळेत रुजू झाल्या. माझ्या पहिल्या आठवड्यातला एक प्रसंग माझ्यासमोर अजून जसाच्या तसा उभा आहे. माझी दगडी पाटी हातातून निसटली आणि दोन तुकडे झाले. मी रडत उभी राहिले आणि म्हणाले, ‘बाई, मन्ही पाटी फुटी गयी.’ मागच्या रांगेतली मोठी मुले हसली. बाईंनी कोणाला दटावले नाही. त्यांनी खडू घेतला आणि फळ्यावर माझे वाक्य मी बोलले तसेच लिहिले : मन्ही पाटी फुटी गयी. त्याखाली लिहिले : माझी पाटी फुटली. मग ‘मन्ही’खाली आणि ‘माझी’खाली एकेक रेघ ओढून त्या म्हणाल्या, ‘ही दोन्ही वाक्ये बरोबर आहेत. एक घरचे, एक पुस्तकातले.’ घरात आम्ही बोलत होतो ती अहिराणी लिहिता येते, हे मी त्या दिवशी प्रथम पाहिले. त्याआधी ती केवळ ‘अशुद्ध’ म्हणून ओळखली जाई. आज मी नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव तालुक्यात प्राथमिक शिक्षिका आहे आणि माझ्यासमोर बसणारी मुले घरी पावरी बोलतात. त्यांचे पहिले वाक्य फळ्यावर लिहिताना माझ्या हातातला खडू बाईंचाच असतो, असे मला मनापासून वाटते.

अमळनेर ही साने गुरुजींची कर्मभूमी. १९२४ ते १९३० या काळात ते येथे शिक्षक होते आणि छात्रालयातील मुलांसाठी स्वतःच्या हाताने लिहून दैनिक काढत असत. ही गोष्ट बाईंनी नुसती सांगितली नाही, तर अंमलात आणली. ओसरीच्या दाराशी त्यांनी एक छोटा लाकडी फळा टांगला आणि रोज एका मुलाने त्यावर गावातली एक बातमी आणि घरातला एक शब्द लिहायचा, असा नेम घातला. बोरी नदीला पाणी आले. बाजारात मेथी उतरली. आंडेर म्हणजे मुलगी. शाळेत येणाऱ्या आया दारात थांबून तो फळा पाहत आणि ज्यांना वाचता येत नसे त्या आपल्या मुलांकडून वाचून घेत. माझ्या आईने ओळखलेले पहिले अक्षर त्याच फळ्यावरचे.

तिसरीच्या भूगोलाच्या पुस्तकात आपला जळगाव जिल्हा होता. बाई आम्हांला चालवत बोरीच्या पात्रात घेऊन गेल्या, सखाराम महाराजांच्या समाधिमंदिराजवळ वाळूत बसवले आणि काठीने तापी, गिरणा आणि बोरी ओढून दाखवल्या. उत्तरेला सातपुडा म्हणून वाळूचा ढीग केला. नकाशा पुढे पुष्कळ शिकले, पण दिशा तिथे कळल्या.

१९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून खडू-फळा मोहीम आली. प्रत्येक शाळेला सर्व ऋतूंत वापरता येतील अशा किमान दोन खोल्या, किमान दोन शिक्षक आणि आवश्यक साहित्य मिळावे, असा तिचा हेतू होता. आमच्याकडे साहित्य आधी आले आणि खोल्या पुष्कळ उशिरा. पृथ्वीगोल, नकाशे, विज्ञानपेटी, ढोलकी आणि टाळ हे सारे जडवस्तूंच्या नोंदवहीत चढले आणि फुटले तर भरपाई कोण करणार या धास्तीने कपाटात बंद राहिले. गुरुजींची धास्ती खोटी नव्हती. त्यांना निवृत्तीच्या वेळी प्रत्येक वस्तूचा हिशेब द्यायचा होता. तरीही एका सोमवारी बाईंनी स्वतःच्या सहीवर पृथ्वीगोल बाहेर काढला आणि तो पुन्हा कपाटात गेला नाही. पक्क्या इमारतीत शाळा गेली तेव्हा मी हायस्कुलात होते. पत्र्याच्या त्या नव्या खोल्या मार्चमध्येच तापत आणि सकाळची शाळा सुटता सुटता मुले घामाने निथळत. धाब्याखालचा गारवा मात्र परत मिळाला नाही.

रजिस्टरमध्ये एका नावापुढे माझा हात थांबला. माझ्या बाकाशेजारची मैत्रीण, तिसरीत असताना शाळा सोडली. कारण, सतत गैरहजर. दिवाळीनंतर कापूस फुटला की वेचणीसाठी आया जात आणि मोठ्या मुलीही त्यांच्यासोबत जात. धाकटे भावंड सांभाळायला राहिलेली मुलगीही शाळेत येऊ शकत नसे. बाई संध्याकाळी तिच्या घरी तीनदा गेल्या, हे मला ठाऊक आहे, कारण तिसऱ्यांदा त्यांनी मला सोबत नेले होते. तिची आई हात जोडून एवढेच म्हणाली, ‘बाई, पोट शे.’ पुढे १९९२ पासून दारिद्र्यरेषेखालील वंचित घटकांतल्या पहिली ते चौथीच्या मुलींना हजेरीच्या दिवसामागे १ रुपया भत्ता मिळू लागला. १५ ऑगस्ट १९९५ रोजी शालेय पोषण आहाराची योजना सुरू झाली आणि यथावकाश आमच्या शाळेतही ८० टक्के हजेरी असणाऱ्या मुलाला महिन्याला ३ किलो तांदूळ मिळू लागला. रुपयाने वेचणीची मजुरी भरून निघत नव्हती. परंतु जिथे रोज ज्वारीची भाकरी आणि भात सणावारी, त्या घरांत तांदळाची पिशवी घेऊन आलेल्या मुलीकडे वडीलधारे वेगळ्या नजरेने पाहू लागले, हे मी बहिणीच्या वेळी पाहिले आहे. माझ्या मैत्रिणीपर्यंत यातले काहीच पोहोचले नाही. ते फार उशिरा आले, असे मला आजही वाटते.

१९९७ च्या एप्रिलमध्ये बहीण चौथी पास झाली आणि त्याच महिन्यात बाईंची बदली झाली. निरोपाच्या दिवशी दारातल्या फळ्यावर लिहायची पाळी बहिणीच्या वर्गाची होती. मुलांनी बातमीच्या जागी काही लिहिले नाही. शब्दाच्या जागी लिहिले : माय.

रजिस्टर परत करायला गेले तेव्हा अडगळीच्या खोलीत, मोडक्या बाकांच्या मागे, तो फळा उभा केलेला दिसला. चौकटीचा एक कोपरा वाळवीने खाल्ला आहे, खिळा गंजला आहे, पण लाकूड शाबूत आहे. समितीने तो काळा रंग देऊन समारंभाच्या दिवशी नव्या दाराशी टांगायचे मान्य केले आहे. पहिली बातमी कोणी लिहायची, ते चौथीच्या वर्गाने ठरवावे, अशी माझी विनंती आहे. खडूचा डबा मी धडगावहून येताना घेऊन येईन.