तुम्ही विचारलंत म्हणून: सायकलच्या वाटेचं खूळ अजून का सुटलं नाही

प्रश्न साधारण असा येतो. "भाई, तुमच्या दारात ॲक्टिवा उभी, सून कारनं पणजीला जाते, मग दर ग्रामसभेला उठून सायकलची वाट नि अंडरपास कोणासाठी मागता? गोव्यात सायकल चालवतो कोण?" चवथीला आलेले पाहुणे विचारतात, पंच विचारतात, माझा सख्खा भाऊ तर दर आठवड्याला विचारतो, आणि विचारताना सगळ्यांच्या तोंडावर तेच हसू. तर एकदाच लिहून टाकतो, पुढच्या वेळी हेच वाचायला देईन.

स्कूटर आहे, कबूल. दुसरं काही घेऊन हायवेला लागायची सोय नाही म्हणून आहे. याला तुम्ही दुटप्पीपणा म्हणता, मी पुरावा म्हणतो. बरं, थोडा दुटप्पीपणाही धरा, गुडघा कुरकुरतो, आणि एप्रिलच्या दुपारी मी म्हापशाच्या बाजारातून सायकलवर नारळ आणीन अशी आशा कोणी ठेवू नये. पण सायकल चालवतो कोण म्हणणाऱ्याच्या घरी सकाळी पाव कोण आणतो? मागे टोपली, टोपलीवर निळं प्लास्टिक, पों पों करत धो धो पावसातही येतो तो. (हल्ली बरेच पोदेर, म्हणजे पाववाले, स्कूटरवर आलेत, माहीत आहे मला, सांगायला येऊ नका.) आणि हॉटेलात, साइटवर कामाला असलेली बाहेरची पोरं, रात्री शिफ्ट सुटली की बिनदिव्याची सायकल मारत हायवेच्या कडेनं जातात, त्यांना कधी बघितलंय? ती ग्रामसभेत येत नाहीत, मतदार यादीत नाहीत, म्हणून ती नाहीतच असं आपण ठरवून टाकलंय.

आता मुद्दा. मी जन्मभर ड्रॉइंगच्या टेबलावर काम केलं, ट्रेसिंग पेपरपासून ऑटोकॅडपर्यंत, त्यामुळे मला एक गोष्ट दिसते जी तुम्हाला दिसत नाही आणि तो तुमचा दोष नाही. रीजनल प्लान घ्या, ओडीपी (शहरी भागाचा विकास आराखडा) घ्या, त्यात रस्ता म्हणजे रेघ आणि रेघेला रुंदी, दहा मीटर, पंधरा मीटर, पंचवीस. उंची नसते. आणि अंडरपास म्हणजे सगळा उंचीचाच खेळ. रस्त्याचा भराव किती वर येणार हे ठरलं की खालून काय जाऊ शकेल तेही ठरलं, मग माती पडली, रोलर फिरला, डांबर आलं, की खालून भोक पाडायचा खर्च ऐकून मंत्रीसुद्धा गप्प बसतो. आपल्याकडे खाली खणायचीही सोय नाही, वर्षाला तीनेक हजार मिलिमीटर पाऊस, त्यात आजूबाजूला शेत नि व्हाळ, म्हणजे ओढे, खणलात तर जुलैत होडी घालावी लागेल. म्हणजे रस्ताच उचलायला हवा, आणि ते आधी, कागदावर असताना. म्हणून मी वीस-वीस वर्षं पुढचं बोलतो, मला भविष्य कळतं म्हणून नाही.

तर तो किस्सा. आमच्या पेडण्याच्या बाजूचा हायवे चौपदरी व्हायचा होता तेव्हाचा. वाडा एका अंगाला, शाळा, देऊळ नि शेतं दुसऱ्या अंगाला, हे तुम्हाला माहीतच आहे. रस्ता क्रॉस करणारी माणसं मोजायला आले ते मे महिन्यात! आंब्याखाली प्लास्टिकची खुर्ची टाकून एक पोरगा बसला होता, गुडघ्यावर पॅड, त्यावर पाच पाचच्या काड्या. शाळा बंद, शेतात कोणी नाही, दुपारी तर कुत्रंही रस्ता ओलांडत नव्हतं. मी त्याला म्हटलं, जूनमधे ये. तो म्हणाला, मला आजचाच दिवस दिलाय.

मग एक दिवस साइट व्हिजिट झाली. इंजिनियर तरुण, बोलायला गोड, बोलेरोच्या बॉनेटवर एल-सेक्शन, म्हणजे रस्ता कुठं किती उंच हे दाखवणारं ड्रॉइंग, पसरून त्याच्यावर दोन दगड ठेवले, वारा होता. त्या शीटवर अंडरपासचे प्रकार होते, मोठ्या गाड्यांचा साडेपाच मीटर उंच, आणि सगळ्यात धाकटा तीन मीटरचा, माणसं आणि गुरं यांना मिळून एकच. मी म्हटलं, आमची हरकत नाही, गुरांबरोबर जाऊ, पण तो तरी कुठंय? "काका, काउंट बसला नाही, लेव्हल फ्रीझ झालीय." पण पोरगा चांगला होता. तोच म्हणाला, इथं व्हाळाची मोरी येतेय, ती बॉक्स थोडी उंच नि थोडी रुंद केली, एका कडेला कोरडा कट्टा घातला, तर पावसाचे चार दिवस सोडून माणूस सायकल धरून जाईल. पंचायतीचा ठराव आणून द्या, मी वर पाठवतो, होईलच असं नाही सांगत.

मी त्या रात्री घरी स्केच काढलं. कट्टा दीड मीटर, पाण्याच्या रेषेच्या वर, दोन्ही टोकांना सावकाश उतार, पायरी कुठंच नाही. सायकलवाल्याला खालून जाणं सोपं पडतं, उतारावर वेग मिळतो तोच पलीकडचा चढ काढतो, वरच्या पुलाला आधी चढावं लागतं, म्हणून फूटब्रिज ओस पडतात नि खाली माणसं डिव्हायडर उडी मारून जातात. हे सगळं मी ग्रामसभेत सांगितलं. पाच मिनिटं ऐकलं लोकांनी. मग मागून कोणीतरी, "आमी किदें बेबे, व्हाळांतल्यान वचपाक?" म्हणजे आम्ही काय बेडूक, ओढ्यातून जायला? सगळी सभा हसली, मीही हसलो, खरं तर. आणि मग ठराव आला डिव्हायडर कापून द्या म्हणून, म्हणजे गाडी वळवता येईल, दुकानापर्यंत गिऱ्हाईक येईल. अनुमोदन माझ्या भावानं दिलं. त्याचं दुकान रस्त्याला लागून, त्याचं त्याच्या जागी बरोबरच होतं. माझ्या बाजूनं हात वर झाले ते बहुतेक बायकांचे, कारण शेतात नि शाळेत त्याच जातात.

डिव्हायडर कापून मिळाला. मग मोपाचा विमानतळ सुरू झाला, गाड्या वाढल्या, आणि त्या कापलेल्या जागी व्हायचं ते झालं. कोणाचं ते वाड्यावर सगळ्यांना माहीत आहे, त्या घरच्यांना परत वाचायला लागू नये म्हणून लिहीत नाही. त्यानंतर ती जागा सिमेंटचे ठोकळे टाकून बंद केली. आता वळायला एवढं लांब जावं लागतं की सगळे राँग साइडनं येतात, मीसुद्धा. आणि मोरी? मोरी आहे, मूळ ड्रॉइंगप्रमाणे, माझ्या खांद्याएवढी उंच. उन्हाळ्यात कोरडी पडली की शाळेची पोरं दप्तर पोटाशी धरून वाकून जातात. एक मुलगा हँडल वाकडं करून सायकल आडवी ढकलत नेतो, पेडल भिंतीला घासून घासून सिमेंटवर एक काळी रेघ उठलीय. बियरच्या बाटल्या असतात, गाळ असतो, तरी जातात. हा तुमचा काउंट.

भाऊ म्हणतो, तू सुरुवातीपासून हॉलंड हॉलंड करत राहिलास म्हणून लोक विटले. असेलही. पण हॉलंडमधे तरी जन्मापासून सायकलींचं राज्य होतं का? १९७१ साली तिथं रस्त्यावर ३००० हून जास्त माणसं मेली, त्यात ४०० हून जास्त मुलं, तेव्हा आईबाप रस्त्यावर उतरले, मग सरकार हललं. त्यांचं हाउटन गाव बघा, गाडीला गावात आडवं जाताच येत नाही, बाहेरच्या रिंगरोडनं वळसा, आणि सायकल मधून सरळ, रिंगरोडच्या खालून. आणि हे काही परकं फॅडही नाही, इंडियन रोड्स काँग्रेसनं सायकल ट्रॅक कसे आखावेत याची शिफारस १९६२ मधे छापली, म्हणजे गोवा मुक्त झाला त्याच्या पुढल्याच वर्षी.

पण तेव्हाचा मी एक गोष्ट मुद्दाम सांगत नव्हतो, ती आता सांगतो. इंग्लंडात स्टिव्हनेज म्हणून शहर आहे, १९४६ नंतर नव्यानं वसवलेलं. तिथल्या चीफ इंजिनियरनं, क्लॅक्स्टननं, गावभर सायकलच्या वाटा केल्या, चौकाचौकात अंडरपास, रस्ता थोडा वर, वाट थोडी खाली, अगदी मी मागतो तसं. आणि लोक गाडीनंच फिरले. कारण गाडीचा रस्ताही तितकाच सुरेख करून ठेवला होता. मग आपल्याकडे काय होणार? इथं पणजीला मांडवीवरच्या अटल सेतूवर २०१९ पासून दुचाकीलाच मज्जाव आहे, ज्या राज्यात निम्म्याहून जास्त वाहनं दुचाकी आहेत तिथं, मग सायकलचं नावच सोडा. पर्वरीला पाचेक किलोमीटरचा उड्डाणमार्ग, तोही गाड्यांसाठी. म्हणजे उद्या माझी वाट झाली तरी सून कारनंच जाणार, हे मला कळतं. तेव्हाचा मी म्हणायचा, वाट करा, लोक येतील. आता तसं छातीठोक नाही म्हणवत.

पण क्रॉसिंगचं तसं नाही ना. शेत पलीकडे आहे, शाळा पलीकडे आहे, तिथं येतील की नाही हा प्रश्नच नाही, ती माणसं येतातच, वरून नाही तर वाकून. म्हणून हल्ली मी आधी अंडरपास मागतो, वाट नंतर. भाऊ म्हणतो, हे म्हणजे तू हरलास. मी म्हणतो, क्रम बदललाय. आमचं यावर एकमत झालेलं नाही, होणारही नाही.

आता म्हणे गावाला वळसा घालणारा नवा रस्ता येतोय. मी अर्ज केला, एल-सेक्शन बघायचाय, टेंडर निघायच्या आधी. उत्तर आलं, डीपीआर (सविस्तर प्रकल्प अहवाल) अजून झालेला नाही, झाला की या. म्हणजे लेव्हल फ्रीझ झाली की या. परत अर्ज केलाय, त्यात या वेळी जूनमधे माणसं मोजा असंही लिहिलंय, आणि पुढच्या ग्रामसभेत उठणार आहे, हसायचं असेल त्यांनी पुढच्या रांगेत बसावं.