जास्वंदीची फांदी

पहाटे साडेपाचला आमच्याकडे दोन आवाज येतात. एक दूधवाल्याच्या सायकलचा आणि दुसरा कुंपणाबाहेरून आकड्याने जास्वंदीची फांदी ओढल्याचा. शेजारच्या इमारतीतले काका. हातात पिशवी, चेहऱ्यावर भक्तिभाव. एकदा खिडकीतून म्हटलं, "काका, एखादं तरी ठेवा हो झाडावर." वर न बघताच ते म्हणाले, "गणपतीलाच वाहतोय, ताई. पुण्य तुम्हालाही आहेच की!" यावर काय बोलणार? संकष्टीच्या आदल्या संध्याकाळी तर कळ्याही राहत नाहीत. तोडलेली कळी सकाळी घरात उमलते, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे.

वास नाही, गजऱ्यात ओवायची सोय नाही, आणि आयुष्य एका दिवसाचं. संध्याकाळी मिटलेल्या छत्रीसारखं गुंडाळून फूल गळून पडतं. पण त्या एका दिवसात त्याला पाण्याचीही गरज नसते. देवापुढे ताम्हनात कोरडं ठेवलं तरी सूर्यास्तापर्यंत टवटवीत. मोगरा एवढा वेळ टिकून दाखवू दे!

आमची ही जास्वंद आजोळच्या अंगणातली. लाल, पाच पाकळ्यांची, मधून तुरा बाहेर डोकावणारी. आजी तिचीच पानं-फुलं खोबरेल तेलात कढवायची. केस किती वाढले देव जाणे, उशीचे अभ्रे मात्र कायम तेलकट. पानं चुरडली की हाताला जो बुळबुळीतपणा लागतो, तो भेंडीचाच. जास्वंद, भेंडी, अंबाडी, कापूस सगळी एकाच कुळातली. शाळेत याच फुलांच्या पाण्यात लिंबू पिळलं की ते गडद गुलाबी व्हायचं, सोडा टाकला की हिरवं. पाकळ्या बुटांवर घासून चमक आणायचीही पद्धत होती, म्हणून इंग्रजीत 'शू फ्लॉवर'. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने मात्र १७५३ साली हिला 'चीनचा गुलाब' म्हणून नोंदवलं, आणि मलेशियाने १९६० मध्ये राष्ट्रीय फूल केलं.

आजोळचं घर पाडलं त्या पावसाळ्यात आईने पेन्सिलीएवढी जाड, वीतभर फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून आणली. पान फुटतं त्या डोळ्याखाली तिरका काप, वरची दोन पानं ठेवून बाकीची काढलेली. महिन्याभरात फुटली. या लाल जास्वंदीला बी क्वचितच धरतं, फांदीवरूनच ती घरोघर जाते. म्हणजे हे आजीच्या झाडाचं मूल नव्हे, आजीचंच झाड. तिकडे आता पार्किंग आहे, आणि झाड इथे आमच्या कुंपणावर उभं आहे.

लाड मात्र फार. ऊन हवं, पाणी हवं, पण मुळाशी साचलं की कळ्या गळतात. पिठ्या ढेकूण या पांढऱ्या किडीने तर मला रडवलं. त्याच्या चिकट गोड रसावर मुंग्या येतात आणि त्याची राखणही करतात! मी उत्साहाने साबणाचं पाणी जरा जास्तच घट्ट केलं, पानं करपली. आता बोटाने पुसते, मग पातळ फवारा.

यंदा जूनमध्ये काकांनाच एक फांदी दिली. गॅलरीतल्या कुंडीत लावली त्यांनी, परवा कळ्याही धरल्या म्हणे. तरी आज पहाटे आकडा वाजलाच. मी खिडकी उघडली.

"काका, आता तुमच्याकडे आहे ना?"

"आहे ना! पण लहान आहे हो ती अजून. तिची कशी तोडायची?"