सुतावरून स्वर्ग

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या आमच्या गाळ्याबाहेर अजून वडिलांनी रंगवून घेतलेलीच पाटी आहे: बोअरिंग, होनिंग, क्रँक ग्राइंडिंग. म्हणजे इंजिनचे सिलिंडर आतून कापून मोठे करणं, घासून साफ करणं आणि क्रँक घासणं. मोटरसायकलचा त्यावर उल्लेखही नाही. द्राक्षांची ऑक्टोबर छाटणी झाली की निफाड-दिंडोरीकडून ट्रॅक्टरच्या इंजिनचे ब्लॉक टेम्पोत टाकून येऊ लागतात. फवारणी एक दिवस चुकली तर बागेत डावणी, म्हणजे बुरशीचा रोग, घुसते, त्यामुळे ब्लॉक खाली उतरायच्या आधीच शेतकरी विचारतो, "उद्या देता ना?" आमचं घर या 'उद्या'वर चाललं आहे. हार्ले-डेव्हिडसन फार नंतरची गोष्ट.

वडील सातपूरच्या एका कारखान्यात टर्नर होते. १९९१ मध्ये त्यांनी नोकरी सोडून जुनं बोअरिंग मशीन घेतलं आणि आईला ते मशीन गाळ्यात उतरल्यावर सांगितलं. पहिली काही वर्षं लुना, स्कूटर, रिक्षा. मी २००४ मध्ये डिप्लोमा करून आलो तो नव्या मायक्रोमीटरचा तोरा मिरवत. वडील सिलिंडरमध्ये बोट फिरवून म्हणायचे, "वर दोन थाऊ खाल्लंय," (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) आणि आतलं माप घेणारा बोअर गेज दर वेळी त्यांच्याच बाजूने साक्ष द्यायचा.

बुलेटवाली पोरं पुढे आपोआप येऊ लागली. २०१२ मध्ये रॉयल एनफिल्डची थंडरबर्ड ५०० बाजारात आली आणि वर्षभरात कुणाला तरी ती कमी पडायला लागली. त्या इंजिनचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ८४ मिमी आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, ९० मिमी. बोअर ८७ केला की ४९९ सीसीचे ५३५ होतात. हा आकडा काही आमचा शोध नव्हे, कंपनीने स्वतःच कॉन्टिनेंटल जीटीला तो दिला होता. मी फोनवरून पिस्टन मागवला, "८७चाच आहे" असं उत्तर मिळालं, आणि पार्सल वाटेत असतानाच सिलिंडर बोअर करून ठेवला. तेवढाच वेळ वाचेल म्हणून. पिस्टन आला, स्कर्टवर, म्हणजे त्याच्या खालच्या भागावर, माप घेतलं तर चार थाऊ बारीक. बसवू नको, असं वडील म्हणाले. मी बसवला. थंड इंजिन टकटक करायचं, गरम झाल्यावर गप्प व्हायचं, आणि पठ्ठ्या त्र्यंबकला जाऊन परत येईपर्यंत गरम झालं तरी गप्प होईना. दुसरा सिलिंडर-पिस्टन आमच्या खिशातून गेला. त्या दिवसापासून पिस्टन हातात आल्याशिवाय आमच्याकडे सिलिंडर मशीनवर चढत नाही. गिऱ्हाईक कितीही घाईत असो.

२०१७ मध्ये पिंपळगावकडचे एक द्राक्ष निर्यातदार हार्लेची फॅट बॉय घेऊन आले. ९६ क्युबिक इंचांचं ट्विन कॅम इंजिन, म्हणजे १५८४ सीसी. खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले, "दादा, ११० करून द्या."

अमेरिकन इंजिनची मापं इंचात असतात, आणि इंच म्हटलं की आमचे वडील सुतात बोलतात. आठ सूत म्हणजे एक इंच. त्यांनी कागदावर लिहिलं: बोअर पावणेचार इंच, स्ट्रोक चार इंच तीन सूत. बोअर फक्त एक सूत वाढवला की इंजिन १०३ क्युबिक इंचांचं होतं, १६९० सीसी. कंपनीच्या १०३चा बोअरही तोच. ११०ला मात्र पूर्ण चार इंच बोअर लागतो. त्याला मूळ सिलिंडर पुरत नाही, वेगळे घ्यावे लागतात, आणि बऱ्याच किटांना क्रँककेसचं, म्हणजे सिलिंडरखालच्या पेटीचं, तोंडही मोठं करावं लागतं. "एक सूत देतो," वडील म्हणाले, "दोन मागू नका." साहेब हसले, पण गेले नाहीत.

मग चार महिने आम्ही त्या इंजिनचा एकही बोल्ट सोडला नाही. वहीतच काम चाललं होतं.

पहिला प्रश्न कायद्याचा. आरसी बुकात सीसी लिहिलेले असतात आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ त्यात परस्पर फेरफार करू देत नाही. साहेबांना गाडी खासगी धावपट्टीवर सरळ रेषेत पळवायची होती, रोजच्या रस्त्यासाठी त्यांच्याकडे दुसरी होतीच. तरी आम्ही लिहून घेतलं, आणि मूळ सिलिंडर न कापता दुसरी जोडी मागवायला लावली. उद्या गाडी परत रस्त्यावर आणायची तर मूळ इंजिन जसंच्या तसं बसलं पाहिजे. जोडी अमेरिकेतून आली. कस्टम ड्युटीची पावती बघून साहेबांचा चेहरा बाग गारपिटीत सापडल्यासारखा झाला.

दुसरा प्रश्न कॉम्प्रेशनचा, म्हणजे पिस्टन आतली हवा-पेट्रोल किती दाबतो त्याचा. मूळ इंजिन ९.२ला एक. म्हणजे एका सिलिंडरचे ७९२ सीसी, आणि वर चेंबरमध्ये उरते साधारण ९७ सीसी जागा. चेंबर तेवढाच ठेवून खाली ८४५ सीसी केले की हिशेब आपोआप ९.७च्या आसपास जातो. इंजिन हवेवर थंड होणारं, त्यात मागचा सिलिंडर पुढच्याच्या आडोशाला, आणि नाशिकचा एप्रिल. साध्या पेट्रोलवर ते ठोके देईल, म्हणजे दाबाने इंधन अवेळी पेटेल, ही भीती. म्हणून दाब आणखी वाढवणारे उंच डोक्याचे पिस्टन बाद केले, जास्त ऑक्टेनचं पेट्रोल बांधून दिलं. व्हॉल्व्ह उघडणारा कॅमही भडक घेतला नाही. इनटेक व्हॉल्व्ह जितका उशिरा बंद होतो तितका खालच्या आरपीएमला दाब निसटतो, आणि क्रूझरची सगळी मजा तर खालीच असते.

तिसरी गोष्ट क्रँकची. या इंजिनात दोन्ही फ्लायव्हील पिनवर दाबून बसवलेले असतात, कुठे तरी धक्का बसून सरकलेले असले तर वरचा सगळा खर्च वाया. इंजिन खोललं त्या दिवशी सगळ्यात आधी क्रँक किती डुगडुगतो ते बघायला डायल गेज लावला. दीड थाऊ, चालण्यासारखं. चहा मागवला.

बोअरिंगपेक्षा जास्त वेळ गेला तो एका लोखंडी प्लेटीत. ट्विन कॅमचे सिलिंडर लांब स्टडांनी हेड, म्हणजे वरचं झाकण, आणि क्रँककेसच्या मध्ये आवळले जातात. मोकळा सिलिंडर गोल बोअर केला तरी स्टड आवळल्यावर तो गोल राहत नाही. वडिलांना हे पटेना, "इतकी वर्षं मोकळाच बोअर करतोय." मी हेडच्या जागी बसेल अशी ५० मिमी जाडीची प्लेट कापून, भोकं पाडून दोन्ही बाजूंनी टॉर्कवर, म्हणजे ठरावीक जोराने, आवळली आणि बोअर गेज त्यांच्या हातात दिला. काटा सरकला. त्यांनी गेज काढला, पुसला, परत घातला. मग प्लेट हाताने चाचपत म्हणाले, "कडा घासून घे, हात कापेल कुणाचा तरी." पसंतीची पावती एवढीच. प्लेट लावूनच होनिंग झालं.

शेवटी प्लॅस्टिसिन, मुलांची खेळायची माती. व्हॉल्व्ह आणि पिस्टनमध्ये जागा किती उरते ते बघायला. मुलीच्या शाळेजवळच्या स्टेशनरीवाल्याकडून आणलं, पिस्टनच्या डोक्यावर थापलं, हेड बसवून इंजिन हाताने दोन फेरे फिरवलं, परत खोललं. व्हॉल्व्हचे ठसे उमटलेलं ते प्लॅस्टिसिन ब्लेडने कापून सगळ्यात पातळ जागी मोजायचं. इनटेकला ८० थाऊ, एक्झॉस्टला १०० थाऊ, त्याच्या खाली आम्ही जात नाही. भरपूर जागा निघाली. रंग गुलाबी मिळाला होता, त्यावरून पोरांनी आठवडाभर माझी टर उडवली.

इंधनाचा मॅप, म्हणजे कधी किती पेट्रोल सोडायचं ते ठरवणारा माणूस पुण्याहून आला, ते त्याचं काम, त्यातलं मला फार कळत नाही.

या कामाने धंद्यात एक बदल झाला. आता मोठ्या इंजिनसाठी कुणी आलं की आधी मोजणीचे आणि कागदाचे तीन हजार रुपये घेतो, काम करा अगर करू नका. नातेवाइकांसकट सगळ्यांना ते टोचतं. "इंजिन न खोलताच पैसे?" तीनपैकी दोघे कागद घेऊन जातात आणि परत येत नाहीत. त्यांच्या गाड्या अजून शाबूत आहेत, एवढं मला माहीत आहे.

साहेबांचे मूळ सिलिंडर तेलात पुसून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून आमच्याच बेंचखाली एका द्राक्षांच्या पेटीत पडलेत. पेटीवर वडिलांच्या अक्षरात लिहिलंय: "पावणेचार. हात लावू नये." दर दिवाळीला फोन करतो, घेऊन जा म्हणून. "बाग उरकली की येतो," म्हणतात.